पोरांचे क्लास आणि घरचा हंगाम

गळीत हंगाम तोंडावर आला की गट ऑफिसच्या ओट्यावर काय बोलणी चालतात हे सभासद बंधूंना आम्ही सांगायला नको. लागणीची नोंद कोणत्या तारखेची, तोड कधी बसणार, टोळी कोणाची, बैलगाडी की ट्रॅक्टर, फडापर्यंत रस्ता झाला का. हल्ली या बोलण्यात एक नवा विषय शिरला आहे, तो म्हणजे पोरांचे क्लास. "मंगळवार-गुरुवार तेवढी तोड देऊ नका, त्या दिवशी धाकटीचा अबॅकस असतो," असे एका सभासदाने चिटबॉयला सांगितले, तेव्हा ओट्यावरची सगळी मंडळी खो खो हसली. चिटबॉयही हसला. पण हसून झाल्यावर आणखी दोघांनी आपापल्या घरची तीच रड सांगितली, आणि मग कोणी हसेना.

हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही असे आमचे मत आहे. म्हणूनच या अंकात बेणे, खते आणि ठिबक यांच्या शेजारी त्याला जागा दिली आहे. "कारखान्याच्या पत्रिकेत पोराबाळांच्या क्लासची चर्चा कशाला?" असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर सोपे आहे. ज्या घरातून ऊस येतो त्याच घरातून पोर क्लासला जाते. घरात मोटारसायकल एक, कर्ता माणूस एक आणि संध्याकाळही एकच. ती या दोघांत वाटून घ्यायची असते.

बोलणे आहे ते पाच ते दहा वर्षांच्या मुलांबद्दल. दहावी-बारावीच्या शिकवण्यांचा विषय वेगळा, तो इथे नको. पूर्वी इंग्रजी-गणिताला कच्च्या मुलाला शिकवणी लागे, आणि ती लागली हे चारचौघांत सांगायला बापाला लाज वाटे. आता पहिलीतल्या पोराला एकही क्लास नाही हे सांगायला लाज वाटते. अबॅकस आहे, कराटे आहे, डान्स आहे, तबला-पेटी आहे, चित्रकला आहे, हस्ताक्षर सुधारण्याचा वर्ग आहे, क्रिकेटची अॅकॅडमी आहे. तालुक्याला स्केटिंगसुद्धा आहे. आपल्या गावच्या रस्त्यावर ते कुठे करायचे हे आम्हाला कळलेले नाही. या सगळ्यावर पुन्हा शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी. नवोदयची परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते, पण तिसरीपासून पोराला जुंपणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत. शिष्यवृत्तीची परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असे, २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला. परीक्षा एक वर्ष अलीकडे आली की तयारी दोन वर्षे अलीकडे येते, हा आपल्याकडचा हिशेब.

हे सगळे लावणाऱ्या आई-बापांना नावे ठेवणे सोपे आहे. पारावरची वडीलधारी मंडळी ती ठेवतातच. "आम्ही काय क्लास लावून मोठे झालो का?" हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही? आम्ही मात्र नावे ठेवणार नाही, कारण बापाच्या मनात काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे. आजोबाच्या नावावर बारा एकर होती. तिघा मुलांत चार-चार झाली, त्यांच्या पोरांत दोन-दोन. या दोन एकरांवर पुढच्या पिढीचे भागायचे नाही हे त्याला दिसते. पोराने उद्या पुण्या-मुंबईत चार माणसांत उभे राहावे, बोलावे, मागे पडू नये, एवढेच त्याचे म्हणणे. स्वतः त्याला सर्वसाधारण सभेत माईकपुढे उभे राहिले की घाम फुटतो. ते पोराच्या वाट्याला येऊ नये म्हणून तो पैसे मोजतो. यात चूक काय? शहरातल्या पोरांना जे मिळते ते उसातल्या पोरांनी मागितले तर तो हट्ट कसा?

तेव्हा क्लास असावा की नसावा हा वाद नाही. तो आपल्या घरच्या वर्षात बसतो कसा, आणि बसवताना कोणाच्या पाठीवर ओझे पडते, एवढेच पाहायचे आहे.

क्लासचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. जूनमध्ये सगळेच शक्य वाटते. कारखान्याचे धुराडे थंड असते, पाऊस लागला की मोटारीचीही कटकट नसते, आडसालीच्या लागणीला अजून महिनाभर अवकाश असतो. बाप मोकळा, गाडी मोकळी. शाळेच्या दारात जाहिरातीचे कागद वाटलेले असतात. वर्षाची फी एकदम भरली तर सूट! आणि मग एका पोराला तीन क्लास लागतात. जुलै-ऑगस्ट कसाबसा निघतो. दसऱ्याच्या सुमारास पूर्वहंगामी लागणी, मग दिवाळी, मग बॉयलर पेटतो आणि मोळी पडते. गाळप कधी सुरू करायचे तेही आपल्या हाती नाही, ते शासन ठरवते. २०२४ मध्ये १५ नोव्हेंबर होती, २०२५ मध्ये १ नोव्हेंबर. आणि नेमक्या त्याच महिन्यांत पोराचाही हंगाम भरात येतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षांचे एक सत्र नोव्हेंबर-डिसेंबरचे. शाळेचे स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत, त्याच्या तालमी, त्याचे कपडे. शिष्यवृत्तीची परीक्षा बहुधा फेब्रुवारीत. इकडे सुरूची लागण जानेवारी-फेब्रुवारीतच, आणि ऊस तुटून गेलेल्या रानात खोडव्याची कामे: पाचट आवरायचे, बुडखे छाटायचे, खत द्यायचे. घरातली माणसे तेवढीच आणि दिवसही तेवढाच.

तोडीचा दिवस कसा जातो हे शहरातल्या क्लासच्या बाईंना माहीत नसते, आणि त्यांचा तो दोषही नाही. मुकादमाचा फोन रात्री नऊला येतो, "सकाळी टोळी येतीया." मग पहाटेपासून घर पायांवर. फडात माणूस हजर पाहिजे. बांध कुठला, पाणी कुठल्या सरीपर्यंत आहे, गाडी कुठून काढायची. वाढे गोळा करून जनावरांपुढे आणायचे. दुपारी ट्रेलर भरतो आणि ओल्या रानात रुततो. दुसरा ट्रॅक्टर शोधायला गावभर फिरायचे. असल्या दिवशी साडेपाचला तालुक्याला तबल्याच्या क्लासला कोण सोडणार? सोडायला नाही गेले तर पोर रडते, "सर ओरडतील." सर ओरडतातही. दोन-तीन वेळा खाडा झाला की वर्गात नाव घेऊन बोलतात. सात वर्षांच्या पोराला यात आपली काही चूक झाली असे वाटते. ऊस तुटला यात पोराची काय चूक?

आमची पहिली सूचना इथेच सांगून टाकतो. क्लास लावतानाच सरांना, बाईंना तोंडावर सांगावे की आमच्या घरी ऊस आहे, तोड येईल त्या दिवशी पोर येणार नाही, त्याबद्दल त्याला बोलायचे नाही. जे शिक्षक हे समजून घेतात तेच आपल्या कामाचे. उसाच्या तालुक्यात क्लास चालवायचा आणि उसाचा हंगाम मानायचा नाही, हे चालायचे नाही.

आता एका दिवसाचे वेळापत्रक मांडून पाहू. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढले, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. चांगले केले. पण गावातून तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या पोराची गाडी आठलाच दारात येते, कारण ती आणखी चार वाड्यांवर फिरून जाते. म्हणजे साडेसहाला उठणे आले. शाळा सुटून पोर चार-साडेचारला घरी. भाकरतुकडा खाऊन पाचला पुन्हा बाहेर. साडेपाच ते साडेसहा क्लास, घरी यायला सात. तेव्हा आई धारा काढून डेअरीच्या रांगेत. जेवण साडेआठ. मग गृहपाठ, मग क्लासचाही गृहपाठ! अंथरुणाला पाठ टेकायला साडेदहा. मोजा बोटांवर, झोप आठ तासांची झाली. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते असे डॉक्टर मंडळी सांगतात. म्हणजे रोज किमान एक तास आपण पोराच्या झोपेतून उचलतो आणि अबॅकसला देतो. ज्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला असते त्या आठवड्यात तर बापही जागा, पोरही जागे. सौर कृषी वाहिनीमुळे काही ठिकाणी दिवसा वीज आली आहे. ती घरे त्यातून सुटली. बाकीच्यांचा बॅटरी घेऊन बांधावर जाणे अजून चालू आहे.

पैशाचेही बोलून घेऊ, कारण फीचा आकडा सगळे सांगतात पण जाण्यायेण्याचा कोणी धरत नाही. तालुका बारा किलोमीटर धरा. सोडून परत यायचे आणि पुन्हा आणायला जायचे म्हणजे चार फेऱ्या, अठ्ठेचाळीस किलोमीटर. मोटारसायकलला लिटरभर पेट्रोल. आठवड्यातून तीन दिवस म्हणजे महिन्याला बारा लिटर, आणि पेट्रोल शंभराच्या वर. तेव्हा बाराशे रुपयांच्या पुढे नुसते रस्त्यावर जातात, बहुतेक क्लासच्या फीपेक्षा जास्त. पेट्रोल वाचवायला बाप तिथेच थांबला तर तासभर टपरीवर बसतो, आणि तेवढ्यात रानातले पाणी सरी फोडून शेजाऱ्याच्या वावरात जाते. आणखी एक गोम. नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवे. ते वेळेवर येते का, यावर आम्ही इथे बोलत नाही, त्याची जागा वार्षिक सभा. पण वेळेवर आले तरी ते वर्षातून एकदा येते, आणि क्लासची फी दर महिन्याच्या पाच तारखेला. मधल्या महिन्यांत ती दुधाच्या पगारातून जाते. म्हणजे कारभारणीच्या पैशातून.

कारभारणीचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. या साऱ्या खटाटोपाचा भार घरातल्या बाईवर पडतो. क्लास कोणता लावायचा हे नवरा ठरवतो, नाहीतर नणंदेचा मुलगा ज्या क्लासला जातो तो लागतो. पण डबा तिने भरायचा, कराटेचा पांढरा ड्रेस काळ्या मातीच्या गावात तिने पांढरा ठेवायचा, गॅदरिंगला मोरपंखी रंगाचे कापड तिने शोधायचे, आणि शाळेच्या व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रात्री दहाला आलेला "उद्या थर्माकोल आणणे" हा निरोपही तिनेच वाचायचा. रात्री दहाला थर्माकोल कोणत्या दुकानात मिळतो? ज्या घरात सासूबाई हातीपायी धड आहेत त्या घराचा गाडा चालतो. ज्या घरात नाहीत तिथल्या सुनेने पहाटे साडेचारपासून रात्री अकरापर्यंत पळावे, आणि वर ऐकून घ्यावे की "तुझं पोराकडं लक्ष नाही." सभासद बंधूंनो, हे बरे नव्हे. आमची दुसरी सूचना अशी की ज्याने क्लास लावायचा ठरवला त्याने आठवड्यातली निम्मी ने-आण आणि निम्मी तयारी स्वतः करावी. तेवढे जमणार नसेल तर क्लास लावू नये.

आता लवकर सुरुवात केली नाही तर पोर मागे पडते, या भीतीबद्दल. ही भीती क्लासवाले पद्धतशीर घालतात. आपल्याच मातीतली उदाहरणे पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने नेमबाजीत कांस्यपदक आणले. तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला २००९ मध्ये, चौदाव्या वर्षाच्या आसपास, आणि रायफल हातात घेतली ती त्यानंतर. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे, ज्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक जिंकले, तो लहानपणी शाळेला पायी जायचा-यायचा आणि या शर्यतीकडे वळला तो सैन्यात गेल्यावर. सहाव्या वर्षी कोणी त्यांना अॅकॅडमीत घातले नव्हते. पण उगाच एकच बाजू सांगू नये. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, ज्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले, ते लहान वयातच लाल मातीत उतरले होते. मात्र त्यांचे पहिले वस्ताद त्यांचे वडीलच. संगीताचे तसेच, कान लहानपणी तयार होतो हे आम्ही मानतो. आपल्या कृष्णाकाठच्या कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत चार भिंतींच्या शाळेत आणले, तेव्हापासून मध्यमवर्गाच्या घरात पेटी-तबला आला. तो उसाच्या घरात यायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षे लागली. आता आला आहे तर त्याला नको म्हणणारे आम्ही कोण?

आमचे म्हणणे एवढेच की एका वेळी एक. पाच ते दहा वर्षांच्या पोराला एका वेळी एकच क्लास असावा, आणि तो निवडताना जून महिना धरून विचार करू नये, फेब्रुवारी धरून करावा. फेब्रुवारीत, म्हणजे सुरूची लागण, खोडवा, रात्रपाळीची वीज आणि घरात एखादे लग्न हे सगळे असताना जो क्लास चालेल तो खरा. वर्षाची फी सूट मिळते म्हणून एकदम भरू नये. भरली की मग पोराला ताप असला तरी "पैसे भरलेत, जायचंच" असे आपल्याच तोंडून निघते. सूट दिसते हजाराची, आणि त्या हजारासाठी वर्षभर घरात भांडण.

दुसऱ्या टोकाला काही वडीलधारे म्हणतात, क्लासबिस काही नको, पोराला रानात न्या, शेतातले काम हाच त्याचा खेळ. हेही आम्हाला मान्य नाही. गुरांमागे गेलेल्या, शाळा सुटलेल्या पोरांची एक पिढी आपण पाहिली आहे. ते काही रानातले खेळणे नव्हते, ती गरज होती. तिचे गोडवे गाऊ नयेत. मात्र एक गोष्ट खटकते ती सांगतो. तीन आकडी बेरजा बोटांच्या हालचालीवर फडाफडा करणाऱ्या एका हुशार पोरीला आम्ही तिच्याच दारापुढच्या फडाकडे बोट दाखवून विचारले, ही लागण की खोडवा? तिला सांगता आले नाही. तिच्या घरी को ८६०३२ आहे, हे नाव तिने ऐकलेले नव्हते. तिची ऐंशी वर्षांची आजी दोन खोल्यांपलीकडे बसलेली, ती पाते बघून जात सांगते. दोघींना एकमेकींजवळ बसायला वेळ कुठे आहे? आजी मोकळी असते तेव्हा नात क्लासला, नात मोकळी होते तेव्हा आजी झोपलेली.

एक मात्र असे शिक्षण आहे की जे प्रत्येक उसाच्या घरातल्या पोराला, आणि पोरीला, मिळालेच पाहिजे. ते म्हणजे पोहणे. याला तालुक्याला जावे लागत नाही, फी नाही, आणि ते नेमके एप्रिल-मेमध्ये, गाळप संपल्यावर आणि शाळा सुटल्यावर शिकता येते. पूर्वी सुट्टी लागली की चुलता पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका, पुढे पुढे रिकामा डबा बांधून पोराला विहिरीत ढकलायचा, आणि आठवड्याभरात पोर पार तळ गाठून यायचे. आज विहिरी आहेत, चुलतेही आहेत, पण पोरे मोबाईलवर आणि चुलते कामात. उलट धोका वाढला आहे. जागोजागी शेततळी झाली आहेत. त्यांना प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, तो निसरडा, पाय धरत नाही, आणि कडेला पकडायला काही नसते. त्यात पडले तर पोहता येणारा माणूससुद्धा वर चढताना दमतो. पोहता न येणाऱ्या पोराचे काय होते ते सांगायला नको. दरवर्षी उन्हाळ्यात वर्तमानपत्रात वाचतोच. शेततळ्याला कुंपण घालावे, चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडून ठेवावा, आणि घरातल्या जाणत्या माणसाने रोज तासभर पोरांना विहिरीवर न्यावे. बाकी कोणताही क्लास बुडाला तरी चालेल, हा बुडता कामा नये. मुलींना वगळू नये हेही आवर्जून सांगतो. पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही.

मुलींचे आणखी थोडे. घरात एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर क्रिकेटला मुलगा जातो, आणि मुलीला "नेणार कोण?" हा प्रश्न येतो. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास आहे, चांगली सोय आहे. पण ती गाडी शाळेच्या वेळेची. क्लास सुटल्यावर अंधारात गावाकडे येणारी गाडी एकच, मुक्कामी, आठ वाजताची. तेवढ्यासाठी मुलीचे गाणे, मुलीचे खेळणे तिसरी-चौथीतच बंद होते. एकदा बंद झाले की पुन्हा सुरू होत नाही.

यावर उपाय काय? उपाय आपल्याकडे जुनाच आहे. त्याला सावड म्हणतात. माझी लागण तुम्ही करू लागा, तुमची मी. दहा पोरांना घेऊन दहा बाप दहा मोटारसायकलींवरून तालुक्याला जातात, त्याऐवजी एक शिक्षक गावात आला तर दहा गाड्यांचे पेट्रोल वाचेल आणि दहा बाप रानात राहतील. गावच्या प्राथमिक शाळेची खोली पाचनंतर कुलूपबंद असते. ग्रामपंचायतीने आणि शाळा व्यवस्थापन समितीने मनावर घेतले तर आठवड्यातून दोन संध्याकाळी ती उघडता येईल. शिक्षकाला जाण्यायेण्याचा खर्च वेगळा दिला तरी प्रत्येक घराला आजच्यापेक्षा स्वस्त पडेल, आणि मुलीही येतील, कारण चालत यायचे आहे. शिक्षक येणार नसेल तिथे ने-आणीची सावड करावी. पाच घरांनी वार वाटून घ्यायचे, ज्याच्या घरी तोड त्याचा वार दुसऱ्याने घ्यायचा. सहकाराचे नाव घेऊन आपण साखर काढतो. १९५० च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तो एकेकट्याच्या गुऱ्हाळाने भागत नव्हते म्हणूनच. वारणेला तात्यासाहेब कोरे यांनी कारखान्याच्या परिसरातल्या पोरांचा बालवाद्यवृंद उभा केला. तिथे वाद्ये कोणा एका घराने घेतली नव्हती. हे उसाच्याच मुलखात झाले आहे. आपल्याही कारखान्याकडे मैदान आहे, सभागृह आहे, ते वर्षातले किती दिवस वापरात असते हे सभासद जाणतात. संचालक मंडळाने याचा विचार करावा अशी आमची विनंती आहे. त्यावर दोन सभासदांची पत्रे आली तर पुढच्या अंकात अवश्य छापू.

आणि मैदान उघडायचेच तर ते सगळ्यांना उघडावे. आपल्या पोरांच्या वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा नाही म्हणून आपण हा लेख लिहितो आहोत, आणि आपल्याच फडात नऊ वर्षांची एक पोरगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन पाचटावर बसलेली असते, तिच्या दिवसाचे वेळापत्रकच कोणी केलेले नाही. बीड, परभणी, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, चार-पाच महिने राहतात. या मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तरीही पुष्कळ मुले आई-बापांबरोबर येतातच. त्यांच्या शाळेचा प्रश्न मोठा आहे आणि तो या लेखात सुटणारा नाही. पण रविवारी सकाळी मैदानावर खो-खो लावला तर खांबाला शिवायला त्या पोरीला फी पडत नाही. गेल्या हंगामात एका गावच्या पोरांनी स्वतःहून अड्ड्यावरच्या पोरांना कबड्डीला बोलावले, आणि सपाटून हरली. मोठ्या माणसांना कळायला दोन आठवडे लागले, तोवर तिथे परत सामनाही झाला होता.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पाच वर्षांपुढच्या मुलाने दिवसाला सरासरी तासभर तरी अंग मोडून हालचाल करावी. त्या तासाला शिक्षक लागतो, शिट्टी लागते, ड्रेस लागतो असे कुठे म्हटलेले नाही. १९८९ च्या बालहक्क करारात मुलाच्या विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क वेगळा नोंदवला आहे, आणि भारताने १९९२ मध्ये तो मान्य केला आहे. हक्क म्हणजे काय, तर शाळेतून आल्यावर दप्तर फेकून ओढ्याकडे पळायला मोकळीक. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी तरी ती असावी. त्या वेळात पोराने काय केले हे विचारू नये. त्यातली एक संध्याकाळ मोबाईल कपाटात ठेवून सगळ्यांनी एका पंगतीला जेवावे, तोड नसेल तर.

आता दिवाळी जवळ आली आहे. जूनमध्ये लावलेल्या क्लासला चार-पाच महिने झाले. हंगाम सुरू होण्याआधी एका दुपारी भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरवावे. त्यावर लागणीच्या तारखा, तोडीचा अंदाज, विजेच्या पाळ्या, घरातली लग्ने, शाळेचे संमेलन आणि परीक्षा असे सगळे खुणा करून मांडावे. घरातल्या बाईला विचारावे, यातले काय निघेल. मग पोराला जवळ घेऊन, चिडून नव्हे, विचारावे, "बाळा, तुला जायचंय का?" पुष्कळ घरांत पोर पटकन हो म्हणते, कारण तिथे त्याचा मित्र येतो. ते कारणही पुरेसे आहे. आणि "नको" म्हणाले, तर भरलेली फी बुडीत खाती घालावी आणि ती पुन्हा त्याच्यापुढे काढू नये.